नोंदवही कुणाची?

गोव्यातल्या आमच्या आधीच्या पिढीला धारवाड म्हणजे कॉलेज आणि पेढे. गोव्यात पदवीच्या शिक्षणाची सोय नव्हती, तेव्हा कित्येक गोंयकार तिथल्या कर्नाटक कॉलेजात शिकले. हल्ली हुबळी-धारवाडचं नाव निघतं ते म्हादईवरून, तेही भांडणाच्या सुरात. मला मात्र आज धारवाडच्या उंदरांबद्दल लिहायचं आहे. हसू नका!

वॉल्टर एलियट हा कंपनी सरकारचा अधिकारी धारवाडला होता. 1824 साली कित्तूरच्या लढाईत राणी चन्नम्माच्या लोकांनी त्याला कैद केलं होतं, तोच हा. या भागाला तेव्हा साहेबलोक 'दक्षिण मराठा देश' म्हणत. तिथल्या सस्तन प्राण्यांची यादी एलियटने 1839 साली मद्रासच्या एका नियतकालिकात छापली. विशेष म्हणजे त्यात प्राण्यांची देशी भाषांमधली नावंही दिली आहेत.

ही माहिती त्याला कुठून मिळाली? बरीचशी वडारांकडून. हे लोक तळी खणत आणि शेतातले उंदीर पकडून खात. सुगीत उंदरांची बिळं उकरून त्यात साठवलेलं धान्यही काढून घेत. कुठला उंदीर कुठे राहतो, काय साठवतो हे त्यांना पोटासाठीच माहीत असणं भाग होतं. एलियटच्या नमुन्यांवरून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रे यांनी 1837 मध्ये नव्या जाती जाहीर केल्या. कानडी 'गुलंदी'वरून 'गोलुंडा' हे नाव झालं, वडारांच्या 'मेट्टाद'वरून 'मेल्टाडा'. आजही जगभर शास्त्रात हीच नावं चालतात. गुलंदीचं पूर्ण नाव आहे 'गोलुंडा एलिओटी'. म्हणजे साहेबाचं नाव लागलं, भाषेचंही लागलं. उंदीर पकडून देणाऱ्या वडाराचं नाव मात्र कुठे लागलं नाही.

हल्ली संशोधनात 'भागीदारी' हा शब्द फार चालतो. विद्यापीठ, वनखातं, स्वयंसेवी संस्था एकत्र येतात, करार होतो, फोटो निघतो. यात वाईट काही नाही. एकट्यादुकट्याचं हे कामच नव्हे. 'भारतातील पक्ष्यांची स्थिती' हा 2023 चा अहवाल 13 संस्थांनी मिळून केला, आणि त्यामागे सुमारे 30 हजार हौशी पक्षीनिरीक्षकांच्या 3 कोटींहून जास्त नोंदी होत्या. माझा प्रश्न एवढाच, की या भागीदारीत आजचा वडार कुठे आहे? धनगर, गाबीत, कुणबी कुठे आहेत?

कायद्यात त्यांना जागा आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेची समिती हवी, आणि तिने लोकांशी बोलून लोक जैवविविधता नोंदवही करायची. माधव गाडगीळांनी या कल्पनेसाठी आयुष्याची कित्येक वर्षं दिली. पण काम रेंगाळलं. शेवटी हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली आणि चुकलेल्या राज्यांना महिना 10 लाखांचा दंड सांगितला. मुदत डोक्यावर असली की कागद कसे भरतात, हे सरकारी कारकुनाला कुणी सांगायला नको. रकाने भरतात, शिक्के बसतात, वही कपाटात जाते. पण नोंद एकदा करून भागत नाही, ती दरवर्षी व्हावी लागते. राणेबेन्नूरच्या माळावर माळढोक असायचा. आता नाही. तो कुठल्या वर्षी किती उरला होता, हे दरवर्षी मोजणारा कुणी असता तर वेळेवर ओरड तरी झाली असती.

आता म्हादईकडे येतो. लवादाने 14 ऑगस्ट 2018 रोजी कळसा-भांडुरासाठी कर्नाटकाला 3.90 टीएमसी पाणी दिलं. हुबळी-धारवाडला पिण्याचं पाणी हवं, ही गरज खोटी नाही. पण पाणी वळवल्यावर नदीतले मासे, बेडूक, काठची झाडं यांचं काय होतं, हे दोन्ही बाजूंनी एकाच पद्धतीने मोजायला हवं. नाहीतर गोव्याची आकडेवारी वेगळी, कर्नाटकाची वेगळी, आणि न्यायालयात वकिलांची तिसरीच! धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आणि आमचं गोवा विद्यापीठ यांनी हे काम मिळून करावं. खानापूर आणि सत्तरीतल्या लोकांना मजुरी देऊन, त्यांची नावं घालून करावं. मराठी, कोकणी, कानडी नावांसकट नोंदवही लिहावी आणि तिची एक प्रत गावच्या पंचायतीत ठेवावी, वाचता येईल अशी.

एलियटने लोकांचे शब्द तरी नोंदवले होते. जवळजवळ दोनशे वर्षांनी आपण त्या लोकांची नावंही लिहायला काय हरकत आहे?