खेळणी चार, खेळ भरपूर

बाळाचा पहिला वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. बटण दाबले की गाणारा कुत्रा, दिवे लावत भिंतीवर आपटणारी गाडी, ‘ए फॉर ॲपल’ म्हणणारा प्लास्टिकचा लॅपटॉप. बाळ एक उचलते, टाकते, दुसरे उचलते. तासाभराने ते स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यावर चमचा बडवत बसते. ‘एवढी महागाची खेळणी आणली आणि याला पातेलेच हवे!’ म्हणून घरचे हसतात. पण बाळाची निवड चुकलेली नसते.

पातेल्यावर हळू मारले की हळू वाजते, जोरात मारले की जोरात. झाकण एका बाजूने बसते, दुसऱ्या बाजूने बसत नाही. आत कांदा लपतो, काढला की पुन्हा दिसतो. प्रत्येक वेळी काय करायचे ते बाळ ठरवते आणि त्याचा परिणाम स्वतः पाहते. बॅटरीवरचा कुत्रा मात्र शंभरदा दाबला तरी तेच गाणे म्हणतो. तिथे खेळणेच खेळते आणि मूल नुसते बघते.

अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 साली दीड ते अडीच वर्षांच्या 36 मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. प्रत्येक मुलाला एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी दिली होती. चारच खेळणी असताना मुले एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि अधिक निरनिराळ्या प्रकारे खेळली. त्याआधी 2016 मध्ये अमेरिकेतल्याच आणखी एका अभ्यासात दिसले, की आवाज करणारी इलेक्ट्रॉनिक खेळणी समोर असताना आईवडील बाळाशी कमी बोलतात. साधी खेळणी किंवा चित्रांचे पुस्तक असताना जास्त बोलतात. दोन्ही अभ्यास लहान आहेत, पण घराघरांतला अनुभव याहून वेगळा नाही.

याचे महत्त्व रुग्णालयात कळते. ‘दोन वर्षांचा झाला, पण बोलत नाही’ ही तक्रार घेऊन येणारे पालक आता रोज भेटतात. याचा दोष फक्त खेळण्यांना देणे चूक ठरेल. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही, तर आधी कानांची आणि वाढीची तपासणी हवी. मात्र भाषा माणसाच्या तोंडून येते, ही गोष्ट तपासणीनंतरही बदलत नाही. मूल बोबडे काही म्हणते, आई उत्तर देते, मूल पुन्हा म्हणते. टीव्ही, मोबाइल आणि गाणारी खेळणी एकाच खोलीत चालू असतील, तर ही देवाणघेवाण होणार कधी?

शांत घरासाठी मोठे घर लागत नाही. खेळण्यांपैकी चार-पाच बाहेर ठेवावीत, बाकीची पिशवीत बांधून माळ्यावर टाकावीत आणि आठवड्याने अदलाबदल करावी. उतरलेले जुने खेळणे मुलाला नव्यासारखेच वाटते. लाकडी ठोकळे, चेंडू, कापडी बाहुली, एकात एक बसणारे डबे, कणकेचा गोळा, भातुकलीतली मोठी भांडी एवढे पुरते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांनी कोकणातल्या कित्येक पिढ्या वाढवल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या बालवाड्यांत पाने, शिंपले, खडे यांतूनच मुलांना शिकवले.

याचा अर्थ ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, असा मात्र नाही. चिंचोके, शेंगदाणे, हरभरे, मणी हे श्वासनलिकेत अडकून जीव घेऊ शकतात. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात, सुमारे सव्वातीन सेंटिमीटर रुंदीच्या नळीत पूर्ण मावेल अशी कोणतीही वस्तू नको. लालकाळी गुंज दिसायला गोड, पण बी फुटून पोटात गेले तर विषारी. तिच्या माळा लहान मुलांपासून दूर ठेवाव्यात. लाकडाला कुसळे नाहीत ना, रंग निघत नाही ना, हे हात फिरवून पाहावे, कारण स्वस्त रंगांत शिसे असू शकते. पाण्याच्या टबाशी किंवा बादलीशी खेळताना मोठे माणूस हाताच्या अंतरावरच हवे.

बॅटरीच्या खेळण्यांत सर्वांत धोकादायक असते ती बटणासारखी गोल, चपटी बॅटरी. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर भाजते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नये, ताबडतोब रुग्णालय गाठून एक्स-रे काढावा. बसून चालवायचा वॉकरही नको. त्यामुळे मूल लवकर चालत नाही, उलट पायऱ्यांवरून पडते; कॅनडाने 2004 मध्येच त्यावर बंदी घातली. उभे राहून ढकलायचा आपला पांगुळगाडा, तोही कोणी जवळ असताना, त्याहून बरा.

भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणून कारागिराकडून घेताना चिन्ह नाही याला घाबरू नये, पण वरची पाहणी आपणच करावी.

आता बाजारात ‘नैसर्गिक’ लाकडी खेळण्यांचे हजारो रुपयांचे संचही आले आहेत. ते घेता येत नाहीत म्हणून कोणत्याही आईवडिलांनी खंत करू नये. मुलाला लाकडाच्या जातीशी देणेघेणे नसते. दिवसभर राबून आलेल्या आईने मोबाइल बाजूला ठेवून, जमिनीवर बसून पंधरा मिनिटे डब्यांची उतरंड रचली आणि मुलाने ती पाडली, तर त्या संध्याकाळी त्याला हवे ते मिळाले. पुढच्या वाढदिवसाला आमंत्रण देताना ‘खेळणी आणू नका, थोडा वेळ त्याच्याशी खेळा’ एवढे सांगायला हरकत नाही.