टपरीवर जे बोलता ते लेखकाला सांगा की!

तालुक्याच्या गावात पत्रकारिता करतो, त्यामुळे महिन्याला एखाददुसरं पुस्तक प्रकाशन कव्हर करावंच लागतं. कधी कवितासंग्रह, कधी आत्मकथन. व्यासपीठावर आठ-दहा जण, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. प्रत्येक वक्ता सांगतो की हे पुस्तक मराठी साहित्यात मैलाचा दगड ठरेल. कार्यक्रम संपला की त्यातलाच एखादा टपरीवर चहा घेता घेता म्हणतो, "काही दम नाही राव त्यात."

माझा प्रश्न साधा आहे. हे टपरीवरचं वाक्य लेखकाला कुणी सांगितलं का? आणि सांगायचंच तर छापायच्या आधी का नाही?

आपल्याकडे लिहिणारा माणूस म्हणजे झेडपीचा शिक्षक, एसटीचा कंडक्टर, अंगणवाडीतली ताई. पदरचे पैसे घालून पुस्तक काढतात, कुणी पतसंस्थेतून उचल घेतं. प्रती वाटून झाल्या की उरलेले गठ्ठे पलंगाखाली जातात. तोंडावर सगळे वाहवा करतात आणि पुस्तक मात्र कुणी वाचलेलं नसतं, हे त्या माणसाला कधीतरी कळतंच. मग तो लिहिणं सोडतो. त्यातल्या काहींकडे खरंच सांगण्यासारखं होतं, म्हणून वाईट वाटतं.

मराठीत परखड सांगायची परंपरा नव्हती असं नाही. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या 'सत्यकथे'तून कथा परत यायची, पण अनेकदा सोबत पत्र असायचं. कुठे अडतंय, काय पुन्हा लिहून बघा, हे त्यात असायचं. अनोळखी पोरासाठी संपादक इतका वेळ काढायचा. 1982 साली 'सत्यकथा' बंद झालं. आज दिवाळी अंकाला कथा पाठवली तर होकार-नकारसुद्धा कळत नाही, ही बहुतेकांची तक्रार असते.

पण दुसरी बाजूही सांगतो. याच 'सत्यकथे'ची 1969 मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या सोबतच्या लघु नियतकालिकवाल्या तरुणांनी होळी केली. एकाच अभिरुचीच्या फूटपट्टीनं सगळ्यांचं लिखाण मोजायचं, यावर तो राग होता. तो राग आजही लागू आहे. बोलीत लिहिलेल्या कथेत 'न'चा 'ण' करून देणं म्हणजे समीक्षा नव्हे. आधी त्या माणसाची भाषा समजून घ्या. नामदेव ढसाळांचं 'गोलपिठा' 1972 ला आलं, त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. यातले कितीतरी शब्द आपल्याला कळत नाहीत, हे एवढ्या मोठ्या लेखकानं त्यात मोकळेपणानं मान्य केलं. आपल्या तालुक्यातल्या किती अध्यक्षांना हे जमेल?

आता सांगायचं कसं? माझ्या अनुभवातून काही गोष्टी.

आधी पूर्ण वाचा. वाचायला वेळ नसेल तर तसं सांगा, प्रस्तावना लिहून देऊ नका.

मोघम बोलू नका. "भावलं नाही" यातून लिहिणाऱ्याला काही मिळत नाही. "पहिली दोन पानं सूर्यास्तातच गेली, तिसऱ्या पानावर विहिरीची मोटर जळाली तिथून मी नीट वाचायला लागलो," असं सांगितलं की कथा कुठून सुरू करायची ते त्याचं त्याला कळतं. जे जमलंय तेही असंच बोट ठेवून सांगा, नाहीतर दुरुस्तीच्या नादात तो तेच कापून टाकेल.

माणसावर जाऊ नका. बाईनं प्रेमकविता लिहिली की "ताई, हा अनुभव तुमचाच का?" असं विचारणारे महाभाग प्रत्येक गावात आहेत. ही चौकशी झाली, समीक्षा नाही. आणि चुका चारचौघांत, ग्रुपवर काढू नका. फोन करा, नाहीतर घरी जा.

ऐकणाऱ्यानंही थोडं सोसावं. "मला तसं म्हणायचं नव्हतं" असं तोंडात आलं की समजावं, म्हणायचं होतं ते कागदावर उतरलेलं नाही. लगेच खुलासा देऊ नका, लिहून घ्या, चार दिवस जाऊ द्या. तीन वेगवेगळे वाचक एकाच जागी अडखळले तर ती जागा पुन्हा लिहा. एकट्याचंच मत असेल आणि पटत नसेल तर खुशाल सोडून द्या. पुस्तकावर नाव तुमचं आहे.

गावातल्या वाचनालयांना एक विनंती. व्याख्यानमाला, सत्कार करताच. महिन्यातून एक संध्याकाळ न छापलेल्या लिखाणासाठी ठेवा. पाच-सात जण बसा, एकानं वाचावं, बाकीच्यांनी खरं बोलावं. हार नको, माईक नको, बातमीसाठी फोटोही नको. खर्च फक्त चहाचा.

आणि हो, या पोस्टखाली नुसतं 'खूप छान सर' लिहू नका. कुठे पटलं नाही ते लिहा.