किल्ली कुणाच्या खिशात?

मालेगावात माझ्या आतेभावाची सायझिंगची कंपनी आहे. छोटीच, पण प्रायव्हेट लिमिटेड. सूत, बीम, मजुरी, उधारी, जीएसटी हे सगळं आता एकाच सॉफ्टवेअरमध्ये आणायचंय. परवा त्यानं दोन कोटेशन माझ्यापुढे सरकवली. एकात सर्व्हर ऑफिसात बसवायचा, दुसऱ्यात सगळं क्लाउडवर, दरमहा भाडं. "भाईजान, तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा."

मी भाषेचा मास्तर. पण करार वाचता येतो. आणि हिशेब, जमा, बाकी, वसूल हे शब्द तर माझ्या दोन्ही विषयांत येतात!

"आपला डेटा आपल्या घरात" हे ऐकायला छान वाटतं. पण त्याच्या ऑफिसात कपाशीचा भुगा उडतो, वीज कधीही जाते, आणि बॅकअपचा पेनड्राइव्ह कॉम्प्युटरच्याच खणात असतो. आग लागली तर दोन्ही एकदम जाणार. सर्व्हर सांभाळायला पगारी माणूस ठेवणार नसाल, तर माझं मत क्लाउडच्या बाजूनं.

तरीही मी त्याला सही करू दिली नाही. करारात भाडं होतं, भाडेवाढ होती. भाडं थांबवल्यावर वह्यांचं काय, याबद्दल एक ओळ नव्हती. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपावी लागतात. त्यांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर रोजच्या रोज हवा. १ एप्रिल २०२३ पासून तर प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारं आणि ती नोंद बंद न करता येणारं सॉफ्टवेअरच वापरायचंय. ही जबाबदारी कंपनीची आहे. सॉफ्टवेअर विकणारा उद्या दुकान बंद करून गेला, तरी जाब आतेभावालाच द्यावा लागेल.

मुंबईत घडलेलं ईआरपीनेक्स्ट मी त्याला बघायला सांगितलं. ते मुक्त स्रोत आहे; आज भाड्याच्या सर्व्हरवर, उद्या स्वतःच्या मशीनवर नेता येतं. फुकट म्हणून मात्र हुरळून जाऊ नये, बसवणारा आणि दुरुस्त करणारा पैसे घेतोच.

शेवटी क्लाउडवाल्याला फोन लावला. म्हटलं, नमुन्याच्या नोंदी भरा आणि त्या सगळ्या, फेरफारांच्या नोंदींसकट, बाहेर काढून आमच्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवा. "वरिष्ठांना विचारून सांगतो," म्हणाला. नऊ दिवस झाले. आतेभाऊ अजून जुन्या वहीतच लिहितोय.