जुने वाहन आणि खोडलेला क्रमांक

दसऱ्यानंतर सेलू, मानवत, जिंतूरच्या बाजारात कापसाची आवक वाढू लागली की व्यापारी घरांना वाहनाची निकड भासू लागते. नवा टेम्पो घ्यावा तर भांडवल मालात गुंतलेले. मग जुन्याचा शोध सुरू होतो. ट्रॅक्टर-ट्रॉली, पिकअप, वसुलीला फिरणाऱ्या मुनिमाची दुचाकी, यांचे व्यवहार बहुधा ओळखीतून, चहाच्या एका बैठकीत ठरतात. इंजिनाचा आवाज ऐकला जातो, टायर पाहिले जातात, किमतीत घासाघीस होते. चेसिसवरचा क्रमांक मात्र फारसे कोणी वाकून पाहत नाही. पाहिला आणि तो सापडला नाही, तर ‘गंजला असेल, आरसी बुकात आहेच की’ एवढ्या उत्तरावर समाधान होते. वर त्या निमित्ताने किंमत थोडी उतरली याचा आनंदही होतो.

वस्तुतः किंमत उतरण्याचे हे कारण इतर कारणांसारखे नव्हे. टायर झिजले तर बदलता येतात, इंजिन उघडून बांधता येते. परंतु आरसी बुकात ज्या वाहनाची नोंद आहे ते हेच, असे सांगणारी खूण लोखंडावर ठोकलेला क्रमांक हीच असते. पुढची-मागची क्रमांकपट्टी ही त्या नोंदणीची केवळ पाटी होय. ठोकलेला क्रमांक गेला की खरेदीदाराच्या एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात लोखंड उरते. दोहोंना जोडणारे काहीच राहत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये चेसिस व इंजिन यांवर क्रमांक ठोकण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. मोटारी, टेम्पो आणि दुचाकींचा चेसिस क्रमांक आज सामान्यतः सतरा अक्षर-अंकांचा असतो आणि भारतात बनलेल्या वाहनांचा ‘एम’ने सुरू होतो. आय, ओ आणि क्यू ही अक्षरे त्यात घेत नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी गल्लत करतात. अशा क्रमांकात ‘ओ’ दिसला तर तो कारखान्यात ठोकलेला नाही, हे ओळखण्यास तज्ज्ञ लागत नाही. अमेरिकेत ही सतरा अक्षरांची पद्धत १९८१ पासून सक्तीची झाली. बर्फाळ प्रदेशांत बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबाइलवरही ओळख क्रमांक असतो आणि जुनी गाडी घेणारा तेथेही प्रथम तोच शोधतो.

चोर ग्राइंडरने जुना क्रमांक घासतो आणि भंगारात गेलेल्या वाहनाचा क्रमांक त्या जागी ठोकतो. पण ठोकताना अक्षराखालचे लोखंड दाबले जाते, आणि वरचा थर घासला तरी तो दाब खाली शिल्लक राहतो. घास फार खोल नसेल तर न्यायवैद्यक प्रयोगशाळेत विशिष्ट रसायन लावल्यावर पुसलेली अक्षरे पुन्हा उमटू शकतात. म्हणजे खरेदीनंतर चार वर्षांनीही मूळ मालक समोर उभा राहण्याची शक्यता असते.

तो उभा राहिला तर काय? वस्तू विक्री अधिनियम, १९३० मधील कलम २७ चे सामान्य तत्त्व असे की, विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून अधिक हक्क खरेदीदारास मिळत नाही. चोरीचे वाहन पूर्ण किंमत मोजून घेतले तरी ते मूळ मालकाचेच. पैसे विक्रेत्याकडून वसूल करावयाचे, आणि तो सापडेल तेव्हा. याहून गंभीर भाग भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये आहे. चोरीची मालमत्ता आहे हे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असूनही, ती अप्रामाणिकपणे स्वीकारल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘मानण्यास कारण’ हे शब्द व्यापाऱ्याने दोनदा वाचावेत. घासलेला क्रमांक आणि बाजारभावाहून बरीच कमी किंमत ही जोडी एकत्र आली, तर ‘मला ठाऊक नव्हते’ हे म्हणणे किती टिकेल? अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘तदाहृतादान’, म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे, हा स्वतंत्रपणे गणलेला आहे. स्वस्ताचा मोह व्यापाऱ्यालाच अधिक, हे जुन्यांनी ओळखले होते.

आता न्यायाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. प्रत्येक पुसट क्रमांक चोरीचा नसतो. खत आणि मीठ वाहणाऱ्या वाहनाचे लोखंड लवकर गंजते. अपघातानंतर चेसिस जोडताना, रंगाचे जाड हात देताना क्रमांक झाकला जातो. अशा वेळी लेथवाल्याकडून तो परस्पर पुन्हा ठोकून घेण्याचा सल्ला हमखास मिळतो, आणि तोच सर्वांत वाईट. प्रामाणिक वाहनही त्या एका कृतीने संशयित ठरते. परिवहन कार्यालयात कागदांसह वाहन दाखवून रीतसर मार्ग काढावा, आणि हे काम विक्रेत्याने, वाहन त्याच्या नावावर असतानाच, पूर्ण करावे. ‘तुम्हीच करून घ्या, हजार-दोन हजार कमी द्या’ असे तो म्हणाला तर सौदा तेथेच थांबवावा.

ट्रॉलीचा प्रश्न ग्रामीण भागात विशेष आहे. गावच्या वेल्डिंगच्या दुकानात बनलेल्या कित्येक ट्रॉल्यांवर आरंभापासूनच क्रमांक नसतो. कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरही मोटार वाहनच आहे. तेव्हा ट्रॅक्टरचे आरसी बुक दाखवून ट्रॉलीची मालकी सिद्ध होत नाही.

तपासणीला अर्धा तास पुरतो. चेसिसवरची जागा रॉकेलच्या फडक्याने पुसावी, पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवावी आणि उमटलेली छाप आरसी बुक, विमापत्र व इंजिन क्रमांकाच्या नोंदीशी एकेक अक्षर जुळवावी. अक्षरांची उंची कमी-जास्त असेल, भोवतालचे लोखंड घासून चकचकीत दिसत असेल, तर थांबावे. वाहन चोरीस गेल्याची नोंद आहे का, हे राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या सेवेतून पाहता येते. कर्जाचे वाहन असेल तर वित्तसंस्थेचा नाहरकत दाखला आणि नमुना ३५ हवा. तेलंगण वा कर्नाटकातून आलेले असेल तर तेथील कार्यालयाचा नमुना २८. छापेचा कागद तारीख टाकून, विक्रेत्याची सही घेऊन फाइलमध्ये ठेवावा.

विकणाऱ्यानेही निश्चिंत राहू नये. राज्यांतर्गत विक्रीत हस्तांतराची सूचना विक्रेत्याने चौदा दिवसांत आणि खरेदीदाराने तीस दिवसांत द्यावयाची असते. वाहन पुढे अनेक हातांतून गेले असतानाही, अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीतील मालकालाच सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात जबाबदार धरले. विक्रेत्याने नमुना २९ व ३० वर सह्या करून वाहन सोडून दिले आणि खरेदीदाराने ते पुढे कोणाला तरी दिले, तर नोंद विक्रेत्याच्याच नावावर राहते.

ज्यांच्या दारात असे वाहन आधीच उभे आहे, त्यांनी ते घाईने पुढच्याच्या गळ्यात घालू नये. मूळ बिल, जुनी विमापत्रे आणि इंजिन क्रमांक गोळा करावेत. उत्पादकाच्या नोंदीतून त्या इंजिनासोबतचा मूळ चेसिस क्रमांक कळू शकतो. तो जुळला तर परिवहन कार्यालयात जावे. जुळला नाही, तर आधी वकिलाकडे आणि त्यांच्यासोबत पोलिसांकडे.