पाकशाळा : भोगीची लेकुरवाळी भाजी

पौषाची थंडी पडली म्हणजे भाजीबाजारास जी शोभा येते, ती वर्षाच्या दुसऱ्या कोणत्याही महिन्यात क्वचितच दृष्टीस पडते. काटेरी वांगी, गाजरे, पावटा, घेवडा, मटार, हरभऱ्याचे डहाळे, बोरे, ऊस हे सारे एकाच वेळी हाती येते, आणि ह्या सर्वांना एका पातेल्यात नांदविण्याची युक्ती आपल्या पूर्वजांनी भोगीच्या निमित्ताने घालून दिली आहे. संक्रांत अलीकडे १४ अथवा १५ जानेवारीस येते. तिच्या आदल्या दिवशीची ही भाजी. दाणे, शेंगा व फोडी अंगाखांद्यावर घेऊन ती पानात येते, म्हणून तिला ‘लेकुरवाळी’ असे गोड नाव मिळाले आहे. ‘न खाई भोगी, तो सदा रोगी’ ही म्हण तर घरोघरी ठाऊक आहे.

ही भाजी अगदी जुनी, जशीच्या तशी चालत आली असे मात्र कोणी समजू नये. वांगे व तीळ ही आपल्या देशात फार पुरातन होत. परंतु बटाटा, मिरची व भुईमूग ही मूळची अमेरिका खंडातील. १४९८ साली पोर्तुगीजांस हिंदुस्थानचा जलमार्ग सापडल्यानंतरच ती कालांतराने आपल्याकडे आली. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात पाकक्रियांचे विस्तृत वर्णन आहे, पण त्यात तिखटपणासाठी मिरचीचे नाव नाही. ते काम मिऱ्यांकडे होते. तेव्हा अमुक जिन्नस नाही म्हणून भाजी मोडली, असे मानण्याचे कारण नाही. हंगामात जे ताजे मिळेल ते घ्यावे, हेच हिचे खरे शास्त्र होय.

दहा माणसांस पुढील प्रमाण पुरते : वांगी ४०० ग्रॅम, गाजर ३०० ग्रॅम, घेवडा अथवा वालपापडी २५० ग्रॅम, सोललेला पावटा व मटार प्रत्येकी २०० ग्रॅम, सोलाणे १५० ग्रॅम, ओले किंवा भिजविलेले शेंगदाणे १०० ग्रॅम, बटाटे २०० ग्रॅम, आठदहा बोरे आणि उसाचे तितकेच लहान करवे. मसाल्यास चार मोठे चमचे तीळ, अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, तीन चमचे गोडा मसाला, दोन चमचे तिखट, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, त्याहून थोडा अधिक गूळ, चवीपुरते मीठ. आणि फोडणीस पाच मोठे चमचे तेल, मोहरी, जिरे, हिंग व हळद.

तीळ व खोबरे निरनिराळे भाजून एकत्र कुटून ठेवावे. तीळ फार तांबूस होऊ देऊ नयेत, कडवट होतात. भाज्या आधी धुवाव्या व मग चिराव्या. चिरून धुतल्यास पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे मोरीत जातात. वांगी सर्वांच्या शेवटी चिरून पाण्यात टाकावी, म्हणजे हवा लागून काळी पडत नाहीत.

आता खरे कौशल्य क्रमात आहे. सर्व फोडी एकदम कुकरात कोंबून तीन शिट्ट्या काढल्या, तर गाजर शिजते तोवर वांग्याचा लगदा होतो आणि दहा भाज्यांची मिळून एकच चव उरते. ह्यास्तव जाड बुडाच्या पातेल्यात फोडणी करून प्रथम पावटा, सोलाणे, मटार व शेंगदाणे घालावे. पेलाभर आधणाचे पाणी ओतून, वर ताटली झाकून तीत पाणी ठेवावे. हे ताटलीतील पाणी तापत राहते व लागेल तसे भाजीत घालता येते. थंड पाण्याने उकळी मोडते. आठदहा मिनिटांनी गाजर, बटाटा व घेवडा घालावा. आणखी सातआठ मिनिटांनी वांगी, ऊस व बोरे घालून मीठ टाकावे.

चिंचेची घाई मुळीच करू नये. आंबटाने भाज्यांच्या व दाण्यांच्या पेशी घट्ट राहतात. एकदा चिंच पडली की पावटा तासभर उकळला तरी बोटचेपा होण्यास कुरकुर करतो. सर्व दाणे बोटाने दाबून पाहावे, आणि ते शिजल्याची खात्री झाल्यावरच कोळ, गूळ, तिखट, गोडा मसाला व कुटलेले तीळखोबरे घालून पाच मिनिटे उकळी आणावी. रस अंगासरसा असावा. सोबत तीळ लाविलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा व मुगाची खिचडी असली म्हणजे पान पूर्ण झाले.

गुणांच्या दृष्टीने पाहू गेल्यास जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसास दररोज किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे सांगते, आणि त्यांत बटाटा धरीत नाही. आमच्या प्रमाणात बटाटा वगळून प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे १६० ग्रॅम येतात. गाजरातील पिवळे सत्त्व अंगी लागण्यास स्निग्धांश लागतो, तो तिळातून व लोण्यातून मिळतो. बाजरीत व दाण्यांत लोह आहे. पानात लिंबाची फोड असल्यास ते अधिक शोषिले जाते, आणि जेवणावर लगेच चहा घेतल्यास कमी.

पण हे गुण कोणाच्या पोटी जातात, हा प्रश्न पाकक्रियेहून महत्त्वाचा आहे. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांपैकी ५७ जणींच्या रक्तात लाली कमी आढळली. ह्याची कारणे अनेक आहेत. परंतु एक कारण आपल्या पंगतीतही शोधावे, अशी आमची विनंती आहे. पंक्तिप्रपंच हा आपल्याकडे मोठा दोष मानिला आहे. एका पंगतीत एकास तूप अधिक व दुसऱ्यास कमी वाढले, तर यजमानास लाज वाटते. मग पहिली पंगत व शेवटची पंगत ह्यांत होणारा प्रपंच आपणांस का दिसू नये? मुले, वडीलधारी व पुरुषमंडळी उठल्यावर ज्या सुना पानावर बसतात, त्यांच्या वाट्यास पातेल्याच्या तळचा रस आणि चुकलेमाकले दोन पावटे येतात. ‘मला रसच आवडतो हो, सासूबाई,’ असे सून म्हणते. आणि सासूबाईही एके काळी असेच म्हणत असत, म्हणून त्यांस त्यात वावगे दिसत नाही.

उपाय अवघड नाही. शक्य तेथे सर्वांनी एकत्र बसावे व वाढण्याचे काम आळीपाळीने घ्यावे. पुरुषांच्या हातूनही पळी पडत नाही. मोठ्या कुटुंबात ते न साधल्यास पहिले पान वाढण्यापूर्वीच मागाहून बसणाऱ्यांचा वाटा, दाणे व फोडी सारख्या घालून, वेगळ्या भांड्यात झाकून ठेवावा. हे काम सुनेने स्वतः करावयाचे नव्हे, तिला ते शोभणारही नाही. घरातील वडील बाईने अथवा यजमानाने करावे. ह्या भोगीस आमच्या वाचकांनी एवढे करून पाहावे, आणि चांगले वाटल्यास संक्रांतीनंतरही चालू ठेवावे.