आरोग्यविचार : संख्या भरली, उणीव उरली

रक्ततपासणीच्या अहवालात पांढऱ्या पेशींचा आकडा योग्य दिसला की घरातील सर्वांचा जीव भांड्यात पडतो. परंतु आकडा पुरेसा असूनही संरक्षण अपुरे असू शकते, हे एका दुर्मीळ व्याधीने वैद्यकशास्त्राला शिकविले.

न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी शरीरात शिरलेल्या जंतूंवर प्रथम धावून जातात. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या सामान्यतः १५०० हून अधिक असतात; ५०० च्या खाली गेल्यास साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. उत्तर स्वीडनमधील काही कुटुंबांत अशी तीव्र कमतरता जन्मतःच असलेली बालके आढळली. डॉ. रॉल्फ कोस्टमान यांनी १९५६ मध्ये या आनुवंशिक व्याधीचे सविस्तर वर्णन केले. त्या काळी अशी बहुतेक बालके अल्पवयातच दगावत.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस जी-सीएसएफ हे औषध उपचारांत आले. त्याच्या इंजेक्शनाने अस्थिमज्जेला चालना मिळून न्यूट्रोफिलची संख्या वाढू लागली आणि मुले जगू लागली. तरीही एक कोडे उरलेच. संख्या सुधारूनही या रुग्णांच्या हिरड्यांचा विकार हटत नव्हता.

त्याचे उत्तर २००२ मध्ये स्वीडिश संशोधकांना पेशींच्या अंतरंगात सापडले. न्यूट्रोफिलमधील सूक्ष्म कणिकांत जंतुनाशक प्रथिनांचा साठा असतो. औषध घेणाऱ्या या रुग्णांच्या पेशींत एलएल-३७ नावाचे तसे एक प्रथिन आढळले नाही. डिफेन्सिन या दुसऱ्या गटाचे प्रमाणही कमी होते. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णात मात्र एलएल-३७ होते आणि त्याच्या हिरड्याही निरोगी होत्या. रणांगणावर सैनिक पोहोचले होते. उणीव होती ती भात्यातील बाणांची.

म्हणूनच अशा रुग्णांसाठी दंतवैद्यांकडील नियमित तपासणी ही इंजेक्शनाइतकीच आवश्यक ठरते. ज्याच्या न्यूट्रोफिलची संख्या वारंवार कमी येते, त्याला ताप आला तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तोंडात वरचेवर येणारे व्रण आणि रक्ताळणाऱ्या हिरड्या यांकडेही दुर्लक्ष करू नये. अहवालातील आकडा पेशी किती आहेत ते सांगतो. त्या किती समर्थ आहेत, याची खूण कित्येकदा रुग्णाच्या मुखातच दिसते.