हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

‘प्रत्येक सेटमागे एक डॉलर गरजूंच्या जेवणासाठी.’

सिंगापूरमध्ये चिनी नववर्ष जवळ आलं की अशी ओळ असलेली पोस्टरं रेस्टॉरंटांच्या दारात लागतात. वर मोठ्या अक्षरांत आठ जणांचा सेट मेन्यू, लाल-सोनेरी रंग, त्या वर्षाचा प्राणी, लवकर बुकिंग केलं तर सवलत, अमुक बँकेच्या कार्डावर आणखी थोडी सवलत. आणि सगळ्यात खाली, बारीक टायपात, हा एक डॉलर. रमझानचा बुफे असो, मध्य-शरद उत्सवातले मूनकेक असोत, दिवाळीची थाळी असो की नाताळचा टर्की. पोस्टरचा रंग बदलतो, खालची ओळ तीच राहते.

माझं म्हणणं सरळ आहे. ही ओळ काढून टाका. सवलती ठेवा, सेट मेन्यू ठेवा, सण खुशाल विका. दानही करा, भरपूर करा. पण दानाला सेट मेन्यूच्या शेपटीला बांधू नका.

हे मी लांबून बघून बोलत नाहीये. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे आणि इथल्या रेस्टॉरंटांसाठी ऑर्डर आणि बिलिंगची सिस्टिम बनवते. आमच्या सिस्टिममध्ये ‘प्रमोशन’ नावाचा एक भाग आहे. सणाची कुठलीही ऑफर म्हणजे तिथला एक फॉर्म: सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, लागू असलेले पदार्थ, किमान बिल, कमाल मर्यादा. एका ग्राहकाने ‘दान’ नावाचं फीचर मागितलं तेव्हा नवीन काही बांधावंच लागलं नाही. सवलतीच्या प्रकारांत ‘टक्के’, ‘ठरावीक रक्कम’, ‘एकावर एक फुकट’ असे तीन पर्याय होते, त्यांच्याखाली चौथा आला, ‘दान’. बाकीचे रकाने जसेच्या तसे. शेवटची तारीख तीच. किमान बिल तेच. आणि कमाल मर्यादासुद्धा तीच.

या शेवटच्या रकान्याकडे नीट बघा. समजा, मर्यादा दोन हजार डॉलर ठेवलीय. दोन हजार सेट विकले गेले की सिस्टिम दान मोजणं बंद करते. पोस्टर मात्र दारातून उतरत नाही. दोन हजार एकावं कुटुंब तीच ओळ वाचून, तेच समाधान घेऊन जेवायला बसतं आणि त्यांच्या जेवणामागे कुणालाही काही मिळत नाही. मर्यादा पूर्ण झाली की मेन्यूवरची ओळ आपोआप लपवायची का, असं आम्ही विचारलं होतं. उत्तर आलं, ‘गरज नाही. अटी लागू असं लिहिलंय ना.’ तांत्रिकदृष्ट्या ते काम अर्ध्या दिवसाचं होतं.

सणाचा धंदा करण्याला माझा विरोध नाही, हे आधी स्पष्ट करते. कारण या भागात सण आणि रेस्टॉरंट यांची सोयरीक जुनी आहे, आणि त्यातून चांगल्या गोष्टीही निघाल्यात. यूशेंगचंच उदाहरण घ्या. कच्च्या माशाच्या पातळ चकत्या, किसलेला मुळा, गाजर, कुरकुरीत तुकडे, आलुबुखाराचं आंबटगोड सॉस. सगळे जण टेबलाभोवती उभे राहतात, शुभशब्द ओरडत चॉपस्टिक्सनी ते उंच उधळतात. जितकं उंच उडेल तितकी भरभराट. माझ्या ऑफिसात दरवर्षी होतं आणि टेबलाची जी दशा होते ती बघून सफाई करणाऱ्यांची दया येते. हा प्रकार पाहून वाटतं की हजार वर्षांची परंपरा असणार. नववर्षात कच्चा मासा खाण्याची चाल जुनी आहेच, पण आजचं हे सात रंगांचं, तयार सॉस घातलेलं रूप सिंगापूरच्या चार शेफनी १९६४ मध्ये लाई वाह रेस्टॉरंटमध्ये लोकांसमोर आणलं, असं इथे मानतात. मलेशियातले लोक हे श्रेय आपलं म्हणतात, तो वाद वेगळा. पूर्वी नववर्षाच्या सातव्या दिवशी खायचा हा पदार्थ आता नववर्ष उजाडायच्या आधीपासून पंधराव्या दिवसापर्यंत मेन्यूवर असतो. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो ती निम्मी मेन्यू कार्डातून आलीय. मला त्यात काही वावगं वाटत नाही. माणसं एकत्र येतात, खातात, ओरडतात. रेस्टॉरंट पदार्थ विकतं आणि पदार्थाचे पैसे घेतं. व्यवहार उघड आहे.

एक डॉलरचा व्यवहार तसा उघड नाही. त्यात तीन गोष्टी खटकतात.

पहिली गोष्ट हिशोबाची. इथे मेन्यूवर किमतीपुढे ‘++’ असतं. शंभर डॉलरच्या सेटवर आधी दहा टक्के सर्व्हिस चार्ज लागतो, मग त्या एकशे दहावर नऊ टक्के जीएसटी. तुम्ही देता ११९ डॉलर ९० सेंट. त्यातला एक डॉलर दान. बरं, तो तरी पूर्ण रेस्टॉरंटचा आहे का? सिंगापूरमध्ये मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेला दान दिलं, तर २०१६ पासून दानाच्या अडीचपट रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करता येते. कंपनी कराचा दर १७ टक्के. म्हणजे पूर्ण दराने कर भरणाऱ्या कंपनीचे एका डॉलरमागे साडेबेचाळीस सेंट करात वाचतात. ही सवलत चांगलीच आहे, लोकांनी दान करावं म्हणूनच आहे. पण मग पोस्टरवर उदारपणाचा जो रुबाब असतो, तो जेमतेम साठ सेंटांचा आहे हे आपल्याला माहीत असलेलं बरं. एवढ्या पैशात त्या आकाराची जाहिरात कुठेही मिळणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. दान नक्की कोण करतंय? मराठीत एक म्हण आहे, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. तुळशीपत्र ठेवून दान सोडायचं, पण घर मात्र हलवायाचं. आपल्या खिशाला तोशीस नाही आणि पुण्य आपल्या नावावर.

ऑगस्ट २०२५ मध्ये सिंगापुरात नेमका यावरून गदारोळ झाला. सेंबावांग भागातल्या बुकिट कॅनबेरा हॉकर सेंटरमध्ये गाळेधारकांनी गरजूंना ठरावीक संख्येने मोफत जेवणं द्यावीत, तीही स्वतःच्या खर्चाने, अशी अट त्यांच्या करारात असल्याचं बाहेर आलं. हॉकर म्हणजे आपल्याकडच्या खाऊगल्लीतल्या गाडीवाल्यासारखा छोटा विक्रेता, फक्त इथे त्याला छप्पर, गाळा आणि भाडेकरार असतो. पहाटे उठून रस्सा चढवणारा, प्लेटमागे थोडेसे पैसे सुटणारा माणूस. याच हॉकर संस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं तेव्हा सगळ्या देशाने अभिमान मिरवला होता. ‘समाजोपयोगी उपक्रम’ हे नाव सेंटर चालवणाऱ्यांचं आणि तांदूळ-कोंबडी हॉकरची! लोक चिडले, आणि सहभाग ऐच्छिक असेल असं चालकांना सांगावं लागलं. दान ऐच्छिक असतं हे जाहीर करावं लागावं, यातच सगळं आलं.

मोठ्या रेस्टॉरंटांत हलवाई वेगळा असतो. तिथे तो ताटं उचलतो. तुम्ही भरलेला दहा टक्के सर्व्हिस चार्ज वाढप्यांना द्यायलाच हवा, असा कायदा सिंगापूरमध्ये नाही. काही मालक वाटतात, काही ठेवतात. पोस्टरवर त्याचा उल्लेख नसतो. सणाच्या रात्री तुमच्या टेबलावर मासा आणणारी मुलगी कदाचित पहाटे जोहोर बारूहून सीमा ओलांडून आलेली असते, आणि शेवटचं टेबल उठल्यावर पुन्हा पुलापलीकडे जाणार असते. तिच्या घरीही सण असतो. रेस्टॉरंटला समाजाची एवढी कळकळ असेल तर समाज त्याच्या स्वयंपाकघराच्या दारातच उभा आहे, हातात ट्रे घेऊन. त्याच्यासाठी एक डॉलर बाजूला काढणारं प्रमोशन मला आजवर कुणी मागितलेलं नाही.

तिसरी गोष्ट घेणाऱ्याची. नववर्षाच्या आधी जवळच्या सरकारी वसाहतींतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना जेवायला बोलावण्याची पद्धत आहे. पद्धत चांगली. पण हे जेवण बहुधा आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारी टेबलं रिकामी असतात तेव्हा. मग हातात संत्र्यांची पिशवी, मागे लोगो, आणि फोटो. आजी हसतात कारण हसा म्हणून सांगितलेलं असतं. तो फोटो इन्स्टाग्रामवर फिरतो आणि त्याच्या पुढच्याच पोस्टमध्ये सेट मेन्यूचं बुकिंग सुरू होतं. एका जेवणाची किंमत आजींनी चेहऱ्याने चुकवलेली असते. आणि सण संपल्यावर? आमच्या फॉर्ममध्ये शेवटची तारीख असते. त्यानंतर ऑफर निष्क्रिय होते. भूक होत नाही.

यावर हमखास येणारा प्रश्न: ‘निदान काहीतरी देतायत ना? न देणाऱ्यांपेक्षा बरे.’ हा प्रश्न खोटा नाही. एक डॉलरनेही कुणाचं तरी ताट भरतं, आणि ज्याचं भरतं त्याला माझ्या या लेखाशी काही देणंघेणं नाही. पण या युक्तिवादाचं पुढचं टोक बघा. आपण जेवलो तर कुणीतरी जेवणार, असं तो आपल्याला शिकवतो. दुसऱ्याची भूक आपल्या खरेदीवर अवलंबून ठेवतो. मंदी आली, सेट कमी खपले, की दान कमी. खरं तर तेव्हाच ते जास्त लागतं. प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं तर अट उलटी लिहिलीय.

आणि दुसऱ्या पद्धतीने देता येत नाही असंही नाही. याच शहरात, याच भागात लोक शतकानुशतकं आणि दशकानुदशकं देत आलेत. रमझानमध्ये इथल्या अनेक मशिदींत मोठमोठ्या भांड्यांत मसालेदार भाताची पेज शिजते. संध्याकाळी रोजा सुटण्याआधी ती वाटतात. क्वालालंपूरच्या कम्पुंग बारूमधल्या मशिदीची पेज तर प्रसिद्धच आहे. रांगेत उभं राहणाऱ्याला धर्म विचारत नाहीत, बिलही विचारत नाहीत. गुरुद्वाऱ्यातला लंगर आपल्याला माहीतच आहे, तो इथेही रोज चालतो. आणि रेस्टॉरंटच हवं असेल तर अन्नलक्ष्मी आहे, सिंगापुरात आणि क्वालालंपूरमध्ये. १९८०च्या दशकापासून चालणारं शाकाहारी भारतीय रेस्टॉरंट. हवं ते खा, वाटेल ते द्या. तिथे देणाऱ्याला आणि न देणाऱ्याला सारखंच ताट मिळतं. शेजारच्या टेबलावरचा माणूस दाता आहे की घेणारा, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. मला तिथली ही गोष्ट सांबारापेक्षाही आवडते.

यंदा, फेब्रुवारी २०२६ मध्ये, चिनी नववर्ष आणि रमझान एकाच आठवड्यात सुरू झाले. एका बाजूला यूशेंगची पोस्टरं, दुसऱ्या बाजूला इफ्तार बुफेची, दोन्हींच्या तळाशी दानाची ओळ. आणि त्याच संध्याकाळी, त्याच शहरात, मशिदीच्या दारात पेजेची रांग. तिथे कुठेच बारीक टाइप नव्हता.

पुण्या-मुंबईत बसून हे वाचणाऱ्यांनी ‘ते तिकडचं’ म्हणून सोडून देऊ नये. तुमच्या अॅपवर बिल भरताना दानाची छोटी चौकट असतेच, दिवाळीत ती जरा जास्त चमकते. सर्व्हिस चार्जचंही तेच. भारतात तो बिलात आपोआप लावू नये असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. म्हणजे ‘हे पैसे कुणाकडे जातात?’ हा प्रश्न विचारणारे ग्राहक असले की नियम बदलतात.

तेव्हा रेस्टॉरंटवाल्यांकडे माझ्या मागण्या एवढ्याच. द्यायची रक्कम आधी ठरवा आणि पोस्टरवर आकड्यात लिहा. सेट एक खपो की दहा हजार, ती द्या. सर्व्हिस चार्जमधला किती भाग कर्मचाऱ्यांना मिळतो तेही त्याच टायपात लिहा. सणाच्या गर्दीत काम करणाऱ्यांना आधी द्या, मग शहराला. म्हाताऱ्यांना बोलवायचं तर शनिवारी रात्री बोलवा, गिऱ्हाईकांच्या शेजारच्या टेबलावर बसवा, आणि कॅमेरा आत ठेवा. आणि उपक्रमाला ऑफरची शेवटची तारीख लावू नका.

आपल्याकडे, खाणाऱ्यांकडे, एकच मागणी. पुढच्या सणाला सेट मेन्यू मागवाल तेव्हा बिल देताना वाढप्याला नाही, मॅनेजरला विचारा: या दानाची कमाल मर्यादा किती आहे आणि ती पूर्ण झाली का? उत्तर त्याच्या सिस्टिममध्ये आहे. तो रकाना मी स्वतः बघितलाय.